हबीबभाईंचं लाल कापड

आमच्या पावर हाऊसात मोठ्यानं बोलून काही उपयोग नसायचा. मशीन सुरू असलं की शेजारच्याच्या कानाशी जाऊन बोंब मारली तरी त्याला वाटायचं, हा जांभई देतोय. नवीन माणूस आला की पहिले काही दिवस बिचारा घसा बसवून घ्यायचा. मग कुणीतरी त्याला हबीबभाईंकडे पाठवायचं आणि हबीबभाई त्याला हातांनी बोलायला शिकवायचे.

अंगठा ओठाला लावला की चहा. तळहात कपाळावर ठेवला की बेअरिंग तापलं. दोन्ही हातांनी पोटापुढे घागर काढून दाखवली की साहेब आले. आमचे नंतरचे साहेब अगदी किडकिडीत होते, पण खूण पहिल्या साहेबांच्या पोटावरून पडली ती पडलीच. आणि मशीन एकदा सुरळीत फिरायला लागलं की हबीबभाई उजवा तळहात हवेत आडवा धरून हळूहळू थोपटायचे, मांडीवरच्या लेकराला निजवताना थोपटतात तसं. म्हणजे, झोपलं बरं का, आता कुणी उगाच हात लावू नका.

ही भाषा हबीबभाईंनी काढलेली नव्हती. ती त्यांच्या बायकोची, नूरबीभाभींची होती. भाभी मूळच्या हट्टा गावच्या. लहानपणी एका तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते. घरी त्या हातांनी बोलायच्या, हबीबभाई ते हात घेऊन ड्यूटीवर यायचे आणि बघता बघता अख्खं पावर हाऊस नूरबीभाभींच्या भाषेत बोलायला लागलं. लेकरू झोपल्याची खूण त्यांनी सलीमच्या वेळी, त्यांच्या एकुलत्या एका पोराच्या वेळी, केलेली. सलीम मोठा झाला, पण ती खूण मशीनला राहिली.

मी तिथला स्टोअरकीपर. हात पुसायला चिंधी मागितली तरी सही घेतल्याशिवाय देत नाही अशी माझी ख्याती होती आणि ती खरी होती. माझ्या स्टोअरची खिडकी नदीकडे उघडायची. बाहेर लोखंडी कठडा लावलेली गॅलरी, खाली मशीनमधून सुटलेलं पाणी, आणि त्यापुढे पूर्णा. हबीबभाई मला जास्त करून या खिडकीतूनच दिसले. त्यांना जाऊन आता दोन उन्हाळे झाले, तरी डोळ्यांपुढे येतात ते त्याच चौकटीत.

आमची पूर्णा म्हणजे दोन नद्या होत्या. मशीन बंद असलं की नुसता कातळ. काळ्या दगडांच्या मधे मधे हिरवे डोह, काठानं करंज आणि जांभळी, डोहावर एखादा खंड्या सूर मारतोय. एवढं निवांत की वाटावं, हिला कुठं जायचंच नाही. आणि मग शेतीच्या पाण्याची पाळी आली की धरणातून पाणी मोठ्या नळानं खाली यायचं, मशीनचं चाक फिरवायचं, आणि पावर हाऊसच्या पोटातून पांढरं होऊन बाहेर उसळायचं. आधी वीज द्यायची, मग हरभऱ्याला, गव्हाला जायचं. तासाभरात कातळ बुडायचा आणि नदी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत भरून वाहायची. पाणी धरणाच्या तळातलं, त्यामुळे भर मे महिन्यातही असं गार की पाय घातला की टाळूपर्यंत कळ जायची. सकाळच्या पाळीला त्यावर धुकं उठायचं आणि धुक्यात पाणकावळे पंख पसरून बसलेले असायचे. पावर हाऊस नदीच्या पलीकडं, कॉलनी आणि गाव अलीकडं. पलीकडं परभणी जिल्हा, अलीकडं आमचा हिंगोली. ड्यूटीला जायचं म्हणजे पुलावरून जिल्हा ओलांडायचा.

हबीबभाई उंच, किंचित वाकलेले, आणि कमालीचे हळू बोलणारे. घरी बायकोशी बोलताना आवाज लागायचाच नाही, नुसते ओठ हलवले तरी चालायचं. ती सवय बाहेरही राहिली. बाजारात भाजीवाली तीन तीनदा "आं?" करायची. आणि कुणाकडे काही मागणं हा प्रकार त्यांच्या स्वभावात नव्हता. माझ्या स्टोअरला त्यांच्याइतका स्वस्तात पडलेला माणूस दुसरा नाही.

पण ड्यूटीवर त्यांचा एक रिवाज होता, आणि तो मोडायला ते कुणाला देत नसत. मशीन सुरू करायच्या आधी भोंगा वाजवायचा, हा नियम सगळ्यांनाच होता. नदीत धुणंवाल्या बाया असत, म्हशी असत, मासे धरणारी पोरं असत. भोंगा झाला की सगळ्यांनी वर यायचं. हबीबभाई भोंगा वाजवायचे, मग गॅलरीत येऊन खिशातून एक लाल कापड काढायचे आणि कठड्याला बांधायचे. मग तिथंच उभे राहायचे. खाली, जरा पुढं, गावाकडच्या काठाला लागून एक लांबलचक दगड होता. हत्तीदगड म्हणायचे त्याला. त्याचं एक टोक पाण्यात, दुसरं वर काठात रुतलेलं. त्या दगडावर नूरबीभाभी धुणं धूत असायच्या. धुता धुता त्या मान वर करायच्या, लाल कापड बघायच्या, आणि हातातलं धोपटणं डोक्याच्या वर उभं धरायच्या. म्हणजे, दिसलं. मग धुणं गोळा करून दगडाच्या वरच्या टोकाला जायच्या. त्या वर पोचल्या की हबीबभाई आत वळायचे. त्याआधी नाही.

या कापडाची गोष्ट त्यांनी मला एका दुपारी सांगितली. नवंच लग्न झालं होतं. हबीबभाईंनी भोंगा वाजवला, रीतसर थांबले, मशीन सुरू केलं आणि बिडी ओढायला गॅलरीत आले. बघतात तर सगळ्या बाया वर काठाला, आणि हत्तीदगडावर एकटी नूरबी. धोपटणं बाजूला टाकलेलं, डोळे मिटलेले, अनवाणी ताठ उभी. पाणी घोट्याला लागलेलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय भाऊ. आत पळालो, मशीन बंद पाडलं, तसाच नदीत पळालो. एक बूट कुठं गेला ते आजवर ठावं न्हाई. तिला धरून वर ओढली तर ती हसून राहिली. अन् एवढ्या मोठ्यानं वरडली की काठावरच्या साऱ्या बायांनी ऐकलं. पत्थर बोल्या!"

भाभींना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्या क्वचित बोलायच्या, पण बोलल्या की गावभर.

"दगड बोलला म्हणते," हबीबभाई म्हणाले. "आपल्या पावर हाऊसचा पाया अन् त्यो दगड एकाच कातळाचा हाये भाऊ. मशीन फिरलं की दगड थरथरतो. आपल्याला कळत न्हाई. तिच्या तळपायाला कळतं. लहानपणापासून कायच ऐकलेलं न्हाई तिनं, अन् त्या दिशी पहिल्या डावाला कायतरी ऐकू आलं. ती कशाला हलती तिथून?"

"पण भोंगा तिला ऐकू येणार नाही, हे तुमच्या ध्यानात कसं आलं नाही?"

हबीबभाई लाजल्यासारखे हसले. "घरात आमी दिवसभर बोलत असतो भाऊ. हातानं, तोंडानं, डोळ्यानं. भांडतो बी. तिला ऐकू येत न्हाई हे मी पार इसरूनच गेलतो."

मी उगाच नटबोल्टचा डबा पुसत बसलो. लग्नाला इतकी वर्षं झालेली माझी, पण बायकोतली एखादी उणीव इतकी पुरती विसरून जाणं मला काही जमलेलं नव्हतं.

त्या प्रसंगानंतर हबीबभाईंनी बायकोला नदीवर जायला बंदी केली. कॉलनीच्या नळाचं पाणी भरून ठेवायचे, कपडे स्वतः पिळायचे. भाभींनी अबोला धरला. त्यांचा अबोला म्हणजे दोन्ही हात पदराखाली घालून बसायचं. आठवडाभर घरात हात दिसले नाहीत. शेवटी हबीबभाईंनी लग्नातली लाल ओढणी पेटीतून काढली, तिच्यापुढे धरली, मग खिडकीतून पावर हाऊसच्या गॅलरीकडे बोट केलं. भाभींनी पदरातून हात बाहेर काढले. त्या दिवसापासून तो रिवाज.

उन्हानं कापड विटलं की त्याच्या जागी दुसरं लाल यायचं आणि विटलेलं भाभींच्या वाकळीत जायचं. वाकळी शिवण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. माझ्याकडे हिंगोलीला त्यांची एक वाकळ आहे, तिच्यात तसे विटलेले लाल तुकडे कितीतरी आहेत. काही दिवसांनी नदीवरच्या इतर बायाही भोंग्यापेक्षा कापडावर भरवसा ठेवायला लागल्या. "हबीबभाईचं लाल लागलं गं, उठा," असं एकमेकींना सांगून उठायच्या.

वीज कधी, किती लागणार हे आमच्याकडे ठरत नसे. लांबच्या एका ऑफिसातून फोन यायचा, लोड वाढलाय, मशीन घ्या. एकदा तिथं कुणी नवा माणूस होता आणि फार घाईत होता. हबीबभाईंनी त्याला आपल्या मवाळ आवाजात सांगितलं, "घेतो साहेब. जरा बायको वर येऊ द्या."

पलीकडच्या माणसानं काय समजायचं ते समजून घेतलं आणि फोन ठेवला. मग ते तिकडं सगळ्या ऑफिसात पसरलं. पुढं कित्येक वर्षं तिकडचे लोक फोन उचलला की आधी विचारायचे, "काय हबीबभाई, आली का बायको वर?" आणि हबीबभाई गंभीरपणे उत्तर द्यायचे, "चढून राहिली साहेब."

आमच्या किडकिडीत साहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी बोलावून घेतलं. भोंग्याचा नियम आहे, कापडाचा कुठं आहे, असं विचारलं. हबीबभाई खाली मान घालून उभे. साहेब म्हणाले, "चला, दाखवा मला." दोघं गॅलरीत आले. कापड लागलं, धोपटणं वर झालं, भाभी सावकाश चढल्या, वरच्या टोकाला जाऊन चपला काढून उभ्या राहिल्या. मशीन लागलं तसे त्यांनी डोळे मिटले. साहेब बराच वेळ बघत होते. मग आत येऊन मला म्हणाले, "मी काही बघितलेलं नाही हं." त्यानंतर कापड लागायच्या वेळेला ते गॅलरीत असले तर पाठ करून उभे राहायचे. चांगला माणूस होता.

उन्हाळ्यात आम्ही सगळे आपापले आंबे एका जाळीत घालून गॅलरीतून खालच्या पाण्यात सोडायचो. फ्रिज झक मारेल असे गार व्हायचे. एकदा हबीबभाईंनी सगळं रीतसर केलं, भोंगा, कापड, धोपटणं, सगळं. फक्त जाळी वर ओढायची विसरले. मशीन लागलं आणि आमचे आंबे निघाले. त्यात माझा अख्खा डझन होता, केशर. मी तीन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी ते खिडकीत आले आणि खालच्या अंगाला हात करून म्हणाले, "भाऊ, सिद्धेश्वरच्या धरणात पोचले असतील आता. गोड होते का वो?" राग टिकवणं त्यांच्यासमोर कुणालाच जमत नसे.

ते रिटायर झाले तेव्हा शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ असा समारंभ झाला. बोला बोला म्हणून आम्ही मागे लागलो. ते माईकपुढे उभे राहिले, ओठ हलले, कुणाला काही ऐकू गेलं नाही. मग त्यांनी उजवा तळहात आडवा धरून थोपटला, झोपलंय, सांभाळा, आणि खाली बसले. मला रडू आलं, आणि स्टोअरकीपरला रडताना पाहून लोकांना जास्तच आलं.

समारंभानंतर गॅलरीत जाऊन त्यांनी कापड सोडलं, नीट घडी घालून खिशात टाकलं.

"आता कोण लावणार?" मी म्हणालो. "नव्या माणसाला सांगून ठेवा की."

"न्हाई भाऊ. माझी ड्यूटी व्हती तवर माझी मर्जी चालली. सरकारी मशीन माझ्या बायकोपायी दुसऱ्यानं काहून थांबवावं? मी हाये ना. मी बसत जाईन तिच्यापाशी."

मागायचं नाही म्हणजे नाही. त्यांनी गावात नदीच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या होत्या. भाभी धुण्याला निघाल्या की हेही मागोमाग निघायचे, दगडाजवळ खाली बसायचे आणि भोंगा झाला की त्यांच्या खांद्याला हात लावायचे. गॅलरीत कापड नव्हतं, पण भाभींचे कान त्यांच्या बाजूला बसलेले असायचे.

मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी बोलत असताना हबीबभाई माझ्या डोळ्यांकडे बघत नाहीत, ओठांकडे बघतात. मी मुद्दाम तोंड फिरवून विचारलं, "चहा घ्यायचा का?" उत्तर नाही. जन्मभर त्या मशीनच्या आवाजात उभा राहिलेला माणूस. आम्ही सगळेच थोडेफार बहिरे झालो होतो, पण यांचे कान पुरते गेले होते.

मी कानाला हात लावून दाखवलं. त्यांनी झटकन इकडंतिकडं पाहिलं, भाभी कुठं आहेत ते, आणि ओठांवर बोट ठेवलं.

"तिला सांगू नका भाऊ. तिला कळलं तर ती माझ्या काळजीनं नदीवर जायाची बंद होईल." मग म्हणाले, "लोकाचं बोलणं ऐकू न्हाई आलं त्याची तकलीफ न्हाई मला. मशीन ऐकू येत न्हाई. मागं एकदा पावर हाऊसात आलतो तवा भिंतीला कान लावून बघितला. कायच न्हाई."

"मग नदीवर भोंगा कसा कळतो तुम्हाला?"

"दुसऱ्या बाया उठल्या की कळतं. त्या उठल्या की मी तिला हात लावतो. बराबर चालून राहिलंय."

बरोबर चाललं, पण गावात घरोघर नळ आले आणि नदीवर येणाऱ्या बाया हळूहळू कमी होत गेल्या. हिवाळ्यात एका सकाळी मी स्कूटरवरून ड्यूटीला चाललो होतो. पुलावर आलो आणि भोंगा झाला. मी सवयीनं हत्तीदगडाकडे पाहिलं. दुसरं कुणीही नव्हतं. भाभी एक मोठी वाकळ दगडावर आपटत होत्या. हबीबभाई त्यांच्या खालच्या एका दगडावर पाण्यात पाय सोडून बसले होते आणि भाकरीचा चुरा माशांना घालत होते. भोंगा संपला. दोघांपैकी कुणीही हललं नाही.

मी पुलावरून ओरडलो. ओरडताना कळत होतं की हे मूर्खपणाचं आहे, तरी ओरडत होतो. हातवारे केले. दोघांची पाठ माझ्याकडे. पावर हाऊसच्या पोटातून पांढरं पाणी उसळलेलं मला दिसलं आणि मी स्कूटर तिथंच आडवी टाकून पळत सुटलो.

मी काठाला पोचायच्या आत भाभींच्या हातातली वाकळ सुटली होती. त्या ताठ उभ्या राहिल्या, एक क्षण पायांकडे बघितलं. दगड बोलला होता. त्यांनी वळून गॅलरीकडे नाही, नवऱ्याकडे पाहिलं. तो आपला माशांशी बोलतोय. त्या खाली उतरल्या, त्याला सदऱ्याच्या गळ्याला धरलं आणि अक्षरशः फरफटत वर आणलं. दोघं वर पोचले आणि हबीबभाई बसले होते तो दगड पाण्याखाली गेला. वाकळ तर केव्हाच गेली होती.

मी धापा टाकत पोचलो तेव्हा भाभी हबीबभाईंच्या तोंडाकडे एकटक बघत होत्या. मग त्यांनी एक बोट त्यांच्या कानाला लावलं. हबीबभाईंनी मान खाली घातली.

"कब से?" भाभी ओरडल्या. जांभळीवरचे सगळे बगळे उडाले.

भाभींनी दोन्ही तळहात त्यांच्या दोन्ही कानांवर ठेवले, थंडीत लेकराचे कान झाकतात तसे, आणि तशाच उभ्या राहिल्या. मी तिथं थांबणं बरं दिसलं नसतं. मी स्कूटर उचलायला गेलो.

गावानं सलीमला फोन केला. सलीमचं हिंगोलीत विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करायचं दुकान, वर राहायला फ्लॅट. तो दुसऱ्याच दिवशी आला. पोरगं गुणी आहे, त्याचं काही चुकलं नाही. "आता इथं ठेवून मी रात्री झोपू कसा, काका?" तो मला म्हणाला. पुढच्या आठवड्यात टेम्पो घेऊन येतो आणि दोघांना घेऊन जातो, असं त्यानं ठरवलं.

"बराबर बोलतो तो," हबीबभाई म्हणाले. पण घरात भाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात पदराखाली होते. हबीबभाईंनी मला दारापर्यंत सोडलं. दारात थांबून विचारलं, "भाऊ, फ्लॅटात फरशी असती ना?"

"असते की. चांगली गुळगुळीत."

"फरशी बोलत न्हाई वो," ते म्हणाले.

मी तडक पावर हाऊस गाठलं. वाकळ वाहून गेली त्या सकाळी मशीन सुरू केलं होतं वैशालीनं. वैशाली म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावची पोरगी, नुकतीच ऑपरेटर म्हणून आलेली. हातांची भाषा तिला आमच्याइतकीच येत होती, पण ती कुणाची, हे तिला माहीत नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं.

"मला कुणीच काहून सांगितलं न्हाई काका? मी रोज त्याच गॅलरीतून बघते. भोंगा झाला की उठतील असंच वाटलं मला."

"हबीबभाई मागणारातले नाहीत, बाई."

"मग तुमी मागा. लाल कापड हाये का स्टोअरात?"

होतं. धोक्याच्या झेंड्यांसाठी आणलेलं, अख्खा तागा. मी त्यातलं हातभर फाडता फाडता थांबलो आणि चांगलं पुरुषभर लांब फाडून दिलं. वैशालीनं सवयीनं सहीसाठी पेन काढलं. "राहू दे," मी म्हणालो. ती माझ्याकडे बघतच राहिली.

सलीम टेम्पो घेऊन आला त्या दिवशी पाण्याची पाळी सुरू होती. भाभी शेवटचं म्हणून धुण्याला गेल्या होत्या. हबीबभाई त्यांच्याजवळ, यावेळी दगडाच्या मधल्या अंगाला बसलेले. सलीम काठावर राखण करत उभा. मी वैशालीबरोबर गॅलरीत. तिनं भोंगा वाजवला, बाहेर आली आणि कापड कठड्याला बांधलं. वारा होता, ते चांगलं फडफडलं.

भाभी मान खाली घालून धूतच होत्या. किती तरी वर्षांत तिथं कापड लागलेलं नव्हतं. त्या कशाला वर बघतील?

"बघून न्हाई राहिल्या काका," वैशाली म्हणाली. आत फोन वाजायला लागला. तिनं तो उचलला आणि दारातूनच मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "घेते साहेब. जरा भाभी वर येऊ द्या."

सलीमनं भोंगा ऐकला होताच. तो आईला उठवायला दगडावर उतरायला लागला. तेवढ्यात भाभींनी कपाळावरचा घाम पुसायला मान वर केली. आणि तशाच राहिल्या. मग धोपटणं हळूहळू वर गेलं, डोक्याच्या वर, सरळ उभं.

हबीबभाईंनी ते बघितलं आणि वळून गॅलरीकडे पाहिलं. इतक्या लांबून चेहरा काही दिसला नाही मला. ते उठले, भाभींचं धुणं उचललं, आणि दोघं आपापले चढून वर गेले. सलीमला कुणाला हात द्यावा लागला नाही. तो अर्ध्या वाटेत उभा राहून एकदा आईकडे, एकदा कापडाकडे बघत होता.

वैशाली आत गेली. मशीन लागलं. खालून पांढरं पाणी उसळलं आणि कातळ एकेक करून बुडायला लागला. दगडाच्या वरच्या टोकाला भाभींनी चपला काढल्या. मग त्यांनी हबीबभाईंच्या पायांकडे बोट केलं. हबीबभाई ऐकेनात. भाभींनी वाकून त्यांच्या चपला स्वतः ओढून काढल्या आणि त्यांना दंडाला धरून दगडावर उभं केलं. मशीनपाशी हा माणूस जन्मभर रबरी बुटांत उभा राहिलेला.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग हबीबभाईंनी मान जराशी कलती केली, कुणी हाक मारल्यावर करतात तशी. त्यांचे डोळे मिटले असावेत. भाभींनी त्यांचा हात सोडला नव्हता.

टेम्पो त्या दिवशी रिकामा गेला. माझीही नोकरी त्याच महिन्यात संपली आणि मी हिंगोलीला येऊन राहिलो. पुढं आजारपण, कुणाकुणाची लग्नं, यात माझं तिकडं जाणं झालं नाही, आणि मग एक दिवस सलीमच अब्बा गेल्याचं सांगायला घरी आला. भाभी अजून तिथंच आहेत, अजून कापड लागतं, हेही त्यानंच सांगितलं. त्यामुळे हबीबभाईंना मी शेवटचं बघितलं ते त्या टेम्पोच्या दिवशीच.

मी गॅलरीत कठड्याला धरून उभा होतो. माझ्या पायांखाली मशीन, मधे भरून चाललेली पूर्णा, आणि पलीकडे दगडावर दोन अनवाणी माणसं. हबीबभाईंनी डोळे उघडले, मला बघितलं. त्यांनी उजवा तळहात हवेत आडवा धरला आणि हळूहळू थोपटला.

मीही माझा तळहात थोपटला. आणि मग आत जाऊन वैशालीला सांगितलं, हबीबभाई म्हणतात, नीट चाललंय.